कागदात नाव कापणारं मशीन : गटानं घ्यावं का?

गेल्या दोन महिन्यांत तीन वेगवेगळ्या गटांनी मला एकच प्रश्न विचारला. "ताई, ते कॉम्प्युटरवर चालणारं कागद कापायचं मशीन घेऊ का?" सगळ्यांनी मोबाइलवर व्हिडिओ बघितलेले. मशीनमध्ये कागद आत जातो, जरा घरघर होते, आणि बाहेर येतं ते बाळाचं नाव, फुलाची कमान नाहीतर जाळीदार लिफाफा. व्हिडिओ दोन मिनिटांचा असतो. त्यात कुणी हिशेब सांगत नाही, आणि मराठी नाव कापताना काय होतं तेही दाखवत नाही. आज मी या दोन्ही गोष्टी सांगणार आहे. कारण मशीन म्हणजे बचतीचा पैसा, आणि तो दहा जणींचा असतो.

आधी मशीन काय करतं ते बघू. दिसायला ते प्रिंटरसारखंच असतं. पण प्रिंटरमध्ये शाई फिरते तिथं यात एक बारीक पातं फिरतं. कागद एका चिकट प्लास्टिकच्या मॅटवर चिकटवायचा. ही मॅट बहुतेक 12 इंच रुंद असते, म्हणजे ए-फोर कागद सहज बसतो. मशीनचे रूळ ती मॅट पुढेमागे सरकवतात आणि पातं डावी-उजवीकडे पळतं. या दोन हालचाली एकदम झाल्या की गोल, नागमोडी, तिरकी, हवी तशी रेघ कापली जाते. पातं आपल्या खोक्यात सैल बसवलेलं असतं, त्यामुळे रेघ वळली की तेही वळतं, सायकलच्या मागच्या चाकासारखं मागून येतं.

कागद पूर्ण कापला जावा आणि खालची मॅट मात्र कापली जाऊ नये, सगळं कौशल्य एवढ्यात आलं. त्यासाठी पातं किती बाहेर काढायचं, दाब किती द्यायचा आणि वेग किती ठेवायचा, या तीन गोष्टी जुळवाव्या लागतात. म्हणून प्रत्येक नव्या कागदावर कोपऱ्यात एक छोटा नमुना कापून बघायचा. चौकोनात त्रिकोण, बस. त्रिकोण अलगद निघाला आणि मॅटवर फक्त पुसट ओरखडा उठला, तर समजायचं जमलं. कागद फाटला तर वेग कमी करायचा किंवा पातं बदलायचं. पहिल्याच झटक्याला पातं पूर्ण बाहेर काढून बसू नका, तसं केलं तर मॅट महिनाभरही टिकणार नाही.

बाजारात क्रिकट, सिल्हूट आणि ब्रदर ही नावं जास्त ऐकू येतात. ब्रदरच्या स्कॅन-एन-कट मशीनमध्ये स्कॅनर आतच असतो. कागदावर काळ्या पेनानं वारली चित्र काढा, मशीन ते वाचतं आणि त्याच रेघेवर कापतं. ज्या गटात हात चांगला आहे पण कॉम्प्युटरची भीती आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावं. बाकीच्या मशीनना कॉम्प्युटर किंवा मोबाइल लागतोच.

आता सॉफ्टवेअर. यात एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे अर्धा गोंधळ मिटेल. मोबाइलवरचा फोटो हा ठिपक्यांचा बनलेला असतो. मशीनला ठिपके कळत नाहीत, त्याला रेघ लागते. सुरुवात इथे, शेवट तिथे, वळण असं. अशा रेघांच्या फाइलला एसव्हीजी म्हणतात, दुसरा एक प्रकार डीएक्सएफ. व्हॉट्सअॅपवर आलेलं गणपतीचं चित्र मशीनला दिलं तर आधी त्याच्या रेघा काढाव्या लागतात. सॉफ्टवेअर ते करतं, पण चित्र अंधुक असेल तर सोंडेच्या जागी भलतंच काहीतरी येतं.

मशीनसोबत कंपनीचं सॉफ्टवेअर मिळतं. घ्यायच्या आधी दोन प्रश्न विचारा. एक, हे इंटरनेटशिवाय चालतं का? आपल्या वाड्या-वस्त्यांवर नेट कधी येतं आणि कधी जातं ते तुम्हाला माहीत आहे. दोन, बाहेर बनवलेली एसव्हीजी फाइल यात फुकट उघडते का? काही सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत ती उघडत नाही, जादा पैसे मोजावे लागतात. आणि आज फुकट आहे म्हणून उद्याही असेल असं धरून चालू नका. मार्च 2021 मध्ये क्रिकटनं जाहीर केलं होतं, की पैसे न भरणाऱ्यांना महिन्याला 20 च नवीन डिझाइन चढवता येतील. गिऱ्हाइकांनी एवढी ओरड केली की त्याच महिन्यात कंपनीला तो नियम मागे घ्यावा लागला. तिथल्या बायकांनीच ती ओरड केली असणार असं मला आपलं वाटतं. मुद्दा हा, की मशीन आपलं असलं तरी त्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात असू शकते. म्हणून डिझाइन शक्यतो इंकस्केपमध्ये करा. हे सॉफ्टवेअर 2003 पासून आहे, पूर्ण फुकट आहे, नेटशिवाय चालतं, आणि यात केलेली फाइल आपल्याच कॉम्प्युटरवर राहते.

आता आपल्या लिपीकडे येऊ. हे व्हिडिओत कुणी सांगत नाही.

इंग्रजी नाव कापलं की प्रत्येक अक्षर सुटं निघतं. ते ओळीत चिकटवत बसावं लागतं. मराठीत तसं नाही, डोक्यावर शिरोरेखा आहे. "आरोही" हे नाव कापलं तर सगळी अक्षरं त्या रेघेला लटकलेली, एकच तुकडा हातात येतो. तोरणासारखं. या कामात देवनागरी इंग्रजीपेक्षा सोयीची आहे, हे ऐकून आमच्या बैठकीत सगळ्या हसल्या होत्या. पण ते खरं आहे.

मात्र एक अट आहे. पडद्यावर शिरोरेखा सलग दिसते, पण कॉम्प्युटरच्या आत प्रत्येक अक्षराची रेघ वेगळी असते आणि त्या एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. काना, मात्रा, वेलांटी यांच्याही वेगळ्या. तसंच कापायला दिलं तर मशीन प्रामाणिकपणे प्रत्येक जोडावर कापत जातं आणि नावाचा चुरा होतो. म्हणून आधी अक्षरांचं रेघांत रूपांतर करायचं आणि मग त्या सगळ्या रेघा एक करायच्या. इंकस्केपमध्ये याला युनियन म्हणतात, बाकी सॉफ्टवेअरमध्ये बहुधा वेल्ड. वेल्ड म्हणजे आपलं वेल्डिंगच, लोखंडाच्या जागी अक्षरं. हे केलं का, ते बघायची खूण सोपी आहे. आतला रंग काढून फक्त कडा दिसतील असं करा. अक्षरांच्या जोडावर आडव्या-उभ्या रेघा दिसल्या तर अजून जोडलेलं नाही.

दुसरी अडचण अनुस्वाराची. "अनंत", "गंगा", "संकेत" या नावांवरचा ठिंबका कशालाच चिकटलेला नसतो, तो खाली पडतो. चंद्रबिंदूचं तेच, आणि "सौ." नंतरच्या पूर्णविरामाचंही तेच. यावर दोन उपाय. एक तर ठिंबका थोडा मोठा करून शिरोरेखेला टेकेल इतका खाली आणायचा, मग युनियन. दुसरा उपाय मला जास्त आवडतो. नावाच्या बाहेरून तीन-चार मिलिमीटर जागा सोडून त्याच आकाराचा मागचा थर दुसऱ्या रंगात कापायचा आणि नाव त्यावर चिकटवायचं. ठिंबकाही त्यावर बसतो, नाव उठून दिसतं आणि कागदाला बळकटी येते. सॉफ्टवेअरमध्ये याला ऑफसेट म्हणतात.

रांगोळीचे छाप करणाऱ्यांना उलटा त्रास होतो. छापात अक्षर कापून काढून टाकायचं असतं आणि भोवतीचा कागद ठेवायचा असतो. तेव्हा "व", "ब", "प", "म" यांच्या पोटातला तुकडा अधांतरी राहतो आणि पडतो. शिरोरेखेमुळे आपल्याकडे अशी बंद पोटं जास्त. तिथं बारीक पूल ठेवावे लागतात, जसे पत्र्याच्या पेटीवर रंगानं नाव काढायच्या साच्यात असतात. पूल कुठे ठेवायचा हे मशीनला कळत नाही. ते बाईनंच ठरवायचं.

फॉन्ट निवडताना युनिकोडचाच घ्या. गावातल्या डीटीपीवाल्याकडचे जुने फॉन्ट त्याच्या कॉम्प्युटरवर छान दिसतात, आपल्याकडे आणले की नावाची ठिगळं होतात. मुक्त आणि बालू हे मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलेले फॉन्ट फुकट मिळतात, विकायच्या वस्तूंवरही वापरता येतात. बालू जाड आणि गोलसर आहे, मुलांच्या नावाला शोभतो. यात्रा वन नावाचा एक आहे, तो रेल्वे स्टेशनच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला. बारीक, नाजूक अक्षरांच्या मोहात पडू नका. दीड-दोन मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ कार्डशीटमधून सोडवताना तुटते. आणखी एक बघायचं. आपला मराठी "ल" आणि "श" हिंदीपेक्षा वेगळा. काही फॉन्टमध्ये हिंदी वळणाचा येतो आणि आजीला तो लगेच खटकतो. "कऱ्हाड" मधला अर्धा र सुद्धा सगळीकडे नीट येत नाही.

कागदाचं थोडक्यात सांगते. झेरॉक्सचा कागद 70-75 जीएसएमचा असतो, तो या कामाला लेचापेचा. नावं, पेट्या, कार्डं यांना 180 ते 250 जीएसएमची कार्डशीट घ्या. हातकागद सुंदर दिसतो, पण त्याचे धागे लांब आणि मऊ असतात, बारीक नक्षीत कडा फुसकारतात. त्यावर मोठे, साधे आकारच कापा आणि बाकी नक्षी दुसऱ्या कागदाची चिकटवा. पतंगी कागद मशीनच्या वाटेला जाऊच देऊ नका, मॅटवरून उचलतानाच फाटतो.

नवी मॅट फार चिकट असते. तिला सुती कापडानं दोन-चारदा टिपून घ्यायचं. कापून झालं की कागद ओढायचा नाही. मॅट उलटी करून मॅटच वाकवत न्यायची, कागद आपोआप सुटतो आणि गुंडाळत नाही. काम झालं की वरचं प्लास्टिक परत लावायचं, नाहीतर धूळ आणि केस बसून मॅट जाते. पावसाळ्यात कागद दमट होतो आणि पात्याखाली लिबलिबतो, म्हणून कार्डशीट प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून उंचावर ठेवा. आणि वीज! कापता कापता लाइट गेली की मशीन आपण कुठे होतो ते विसरतं, तो कागद वाया. छोटा यूपीएस खर्चात धरूनच चला.

आता मी जरा वेगळं बोलणार आहे. आमच्या एका गटात एक मावशी आहेत. पतंगी कागदाच्या दहा-बारा घड्या एकावर एक ठेवतात आणि कात्रीनं आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या एका दमात कापतात. मशीनची चर्चा निघाली तेव्हा त्या गप्प बसल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "मग माझं काय काम?" प्रश्न बरोबर होता. मी त्यांना सांगितलं ते इथेही सांगते. मशीन एका वेळी एकच कागद कापतं. एकसारख्या शंभर झिरमिळ्या लागल्या तर मावशींची कात्री मशीनच्या कितीतरी पुढे आहे. आणि एकसारखी हजार कार्डं लागली तर शहरातला डायपंचवाला आपल्या दोघींच्या पुढे आहे, त्याच्या भावात आपण उतरूच शकत नाही. मशीनचा फायदा एकाच ठिकाणी आहे. प्रत्येक नग वेगळा हवा असतो तिथे. पन्नास बायकांची पन्नास नावं. बारशाच्या पाळण्यावरचं नाव. डोहाळे जेवणाच्या टेबलावरच्या पाट्या, केकवर खोचायचं नाव, गृहप्रवेशाच्या लिफाफ्यावर घरमालकिणीचं नाव. आपण कागद विकत नाही, नाव विकतो. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून गणपतीत कागदी मखर आणि कमानीला मागणी आहे. तिथेही मंडळाचं किंवा घराण्याचं नाव मशीनवर आणि बाकीची नक्षी हातानं, असं काम वाटून घेता येतं. मावशींचं काम जात नाही.

हिशेब करू. आकडे मी समजायला घेतलेत, तुमच्या बाजारात भाव विचारून तुमचे घाला. समजा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला 50 वाणांवर 50 वेगवेगळ्या नावपट्ट्या हव्यात. एका कार्डशीटमध्ये दहा नावं बसतात. नावाच्या 5 शीट, मागच्या थराच्या 5, अशा 10 शीट. आठ रुपयांप्रमाणे 80. डिंक आणि रिबन 40, पातं आणि मॅटची झीज 30, वीज 10. झाले 160 रुपये. आता वेळ. नावं टाइप करून तपासायला एक तास. दहा शीट कापायला सहा मिनिटांप्रमाणे आणखी एक तास. बारीक तुकडे काढून चिकटवायला नगाला दोन मिनिटं, म्हणजे 100 मिनिटं. एकूण 3 तास 40 मिनिटं. तासाला 60 रुपये मजुरी धरली तर 220. दोन्ही मिळून 380.

इथेच बऱ्याच जणी थांबतात आणि नगाला दहा रुपये भाव लावून खूश होतात. पण मशीनचे पैसे कुठे गेले? समजा मशीन 30 हजारांना पडलं आणि तीन वर्षं चाललं, तर वर्षाला 10 हजार. वर्षात अशी 100 कामं मिळाली तर एका कामावर 100 रुपये. खर्च 480 झाला, नगाला 9 रुपये 60 पैसे. पंधराला विकलं तर 750 येतात आणि 270 हातात राहतात. पण वर्षात 25 च कामं मिळाली तर? मग एका कामावर मशीनचे 400 पडतात. खर्च 780, आणि पंधरा रुपयांना विकून 30 रुपये घरचे घालायचे. मशीन तेच, हात तेच. फरक फक्त कामं किती मिळाली याचा. आणि 30 हजार अंतर्गत कर्जातून दरमहा 2 टक्क्यांनी घेतले तर पहिल्याच महिन्यात 600 रुपये व्याज, ते मी वर धरलेलंच नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आधी मागणी, मग मशीन. तालुक्याच्या गावात फ्लेक्स, स्टिकर किंवा भेटवस्तूंच्या दुकानात असं मशीन असेल तर एक मोसम त्याच्याकडून जॉबवर कापून आणा. फाइल आपण करायची, चिकटवणं आणि सजावट आपली. नफा कमी राहील, पण वर्षात किती कामं येतात ते वहीत लिहिलेलं असेल. तो आकडा घेऊन मुद्राच्या शिशु कर्जासाठी बँकेत गेलात, ते 50 हजारांपर्यंत असतं, तर साहेबांना दाखवायला तुमच्याकडे काहीतरी असेल.

दुसरं, शिकणाऱ्या दोघी-तिघी हव्यात. गटातल्या एका हुशार मुलीला सगळं शिकवायचं, मग तिचं लग्न ठरायचं आणि मशीनवर टेबलक्लॉथ पडायचा, हे मी शिवणयंत्रांच्या आणि कॉम्प्युटरच्या बाबतीत बघितलंय. एक वही करा. कोणत्या कागदाला पातं किती, दाब किती, वेग किती, ते आपल्या भाषेत लिहा. ही वही मशीनएवढीच मोलाची.

नाव घेताना फोनवर ऐकून घेऊ नका. गिऱ्हाइकाकडून लिहूनच मागवा. सुनिता की सुनीता, हे तिचं तीच सांगणार. कापायच्या आधी पडद्याचा फोटो पाठवा आणि "बरोबर आहे" असं उत्तर आल्यावरच मशीन सुरू करा. हळदीकुंकवाच्या पट्ट्यांवर मी सौ. किंवा श्रीमती घालू नका म्हणते. नुसतं नाव. पूर्णविरामाचा ठिंबका पडायची भानगड मिटते, आणि यादीतल्या कुठल्याच बाईला आपली पट्टी वेगळी दिसत नाही. मुलांच्या वाढदिवसाला टीव्हीवरच्या कार्टूनची चित्रं मागतात. ती चित्रं कंपन्यांच्या मालकीची असतात, कापून विकायची नाहीत. त्यापेक्षा आपली चिमणी, बैलगाडी, एसटी काढा. एसटी फार खपते!

आणि दुकानात मशीन बघायला गेलात तर दुकानदार फुलपाखरू कापून दाखवेल. फुलपाखरू कुठलंही मशीन कापतं. त्याला सांगा, "शकुंतला" आणि "कऱ्हाड" हे दोन शब्द आमच्यासमोर टाइप करा आणि कापा. श आणि ल आपल्या वळणाचे आलेत का, कु चा उकार जागेवर आहे का, अर्धा र नीट बसलाय का, शिरोरेखा सलग राहिली का आणि अनुस्वार कुठे गेला, एवढं बघा. किती मिनिटं लागली तेही घड्याळ लावून बघा. आणि तो तुकडा सोबत घेऊन या, बैठकीत सगळ्यांच्या हातात द्यायला.